कंपासशेजारी प्लॉटर, व्हीएचएफ लावताय? ड्रिल जरा बाजूला ठेवा

लहान बोट हातात आली की पहिल्या महिन्यातच हात शिवशिवायला लागतात. प्लॉटर (नकाशावर बोटीची जागा दाखवणारी स्क्रीन) लावू, फिश फाइंडर लावू, व्हीएचएफ (बोटीवरचा बोलायचा रेडिओ) लावू, आणि या सगळ्यासाठी जागा एकच सुचते, सुकाणूच्या समोर, नजरेच्या टप्प्यात, म्हणजे नेमकी तिथेच जिथे कंपास आधीपासून बसलाय. त्यात चूक काहीच नाही, बघायचं तर तिथेच असतं. फक्त कंपास हा बोटीवरचा सगळ्यात हळवा प्राणी आहे, शेजारी कोण येऊन बसलं याचा त्याला लगेच त्रास होतो, आणि तो तक्रार करत नाही, गुपचूप चुकीची दिशा दाखवत राहतो.

माझंच सांगतो. व्हीएचएफचा सेट मी कंपासपासून वीतभर अंतरावर लावला. चार भोकं, चार स्क्रू, वायरिंग, सगळं एकदम सुबक. बाहेर पडलो, उत्तरेकडे चाललो होतो, कंपास आणि जीपीएस दोन्ही एकच सांगत होते, म्हटलं झालं काम. तासाभराने पूर्वेकडे वळलो तर कंपास पंधरा अंश बाजूला. पहिला संशय अर्थातच कंपासवर, जुना झालाय, आतलं तेल गेलं असेल वगैरे. दोन दिवस डोकं खाजवल्यावर कळलं की गुन्हेगार व्हीएचएफच्या पोटातला स्पीकर. स्पीकरमध्ये चांगला दणकट कायमचा चुंबक असतो, सेट बंद असला तरी तो चालूच. मग ती चार भोकं बुजवायची, सेट हलवायचा, नवीन चार भोकं. बुजवलेली भोकं अजून दिसतात.

त्या प्रकारात जे शिकलो ते असं की ही चूक ठरावीक नसते. नवीन माणसाला वाटतं, कंपास पाच अंश जास्त दाखवतो ना, मग पाच वजा करू. तसं होत नाही, कारण बोट वळली की शेजारचा चुंबक बोटीबरोबर फिरतो आणि सुई मात्र उत्तरेकडेच बघत असते, म्हणजे चुंबक आणि सुई यांच्यातला कोन प्रत्येक दिशेला वेगळा. एका दिशेला चूक शून्य, दुसऱ्या दिशेला पंधरा, तिसऱ्या दिशेला उणे सात असं काहीही होऊ शकतं. याला डेव्हिएशन म्हणतात. नकाशावर जे व्हेरिएशन छापलेलं असतं ते वेगळं, ते म्हणजे खरी उत्तर आणि चुंबकीय उत्तर यांतला फरक, ते पृथ्वीचं, त्या जागेवरच्या सगळ्या बोटींना सारखं. डेव्हिएशन मात्र तुमच्या बोटीचं, तुम्ही स्वतः पैसे देऊन विकत आणलेलं.

हे काही नवीन नाही. मॅथ्यू फ्लिंडर्स हा इंग्रज दर्यावर्दी 1801 ते 1803 दरम्यान ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्याची मोजणी करत होता, तेव्हा त्याच्या लक्षात आलं की जहाजाचं तोंड फिरलं की कंपासचा आकडाही हलतो, आणि कारण जहाजातलं लोखंड. मोठ्या जहाजांच्या कंपासजवळ लोखंडाचा उभा दांडा लावतात त्याला आजही फ्लिंडर्स बार म्हणतात. त्याच्याकडे लोखंड होतं, आपल्याकडे स्पीकर आणि मोबाईल आहेत.

आता कामाला लागू.

सगळ्यात आधी, म्हणजे नवीन खोकं उघडायच्याही आधी, कंपास आत्ता किती खरं बोलतोय ते बघून घ्या. नाहीतर नंतर चूक सापडली तर ती जुनी का नवीन हे कधीच कळणार नाही. शांत दिवस पकडा, वारा नको, प्रवाह नको, मोकळं पाणी. मग उत्तर, ईशान्य, पूर्व असं करत आठही दिशांना प्रत्येकी मिनिट दोन मिनिटं इंजिनवर सरळ चालवा आणि कंपासचा आकडा आणि जीपीएसची दिशा शेजारी शेजारी लिहा. इथे दोन गोष्टींत लोक फसतात. एक, जीपीएस दाखवतं ती बोट जमिनीवरून कुठे सरकतेय ती दिशा, बोटीचं तोंड कुठे आहे ते नाही, म्हणून प्रवाहात किंवा बाजूच्या वाऱ्यात ही तुलना फुकट, आणि बोट उभी असेल तर जीपीएसची दिशा कुठेही भटकते. दुसरं, जीपीएस खऱ्या उत्तरेवर लावलाय का चुंबकीय उत्तरेवर ते सेटिंगमध्ये बघा. चुंबकीयवर लावलं की तो व्हेरिएशन आतल्या आत धरतो. ते गणित ज्या जागतिक मॉडेलवर चालतं ते दर 5 वर्षांनी नवीन येतं, त्यामुळे वर्षानुवर्षं अपडेट न केलेलं यंत्र थोडंफार मागे असू शकतं.

जीपीएसवर भरवसा नसेल तर जुनी पद्धत त्याहून भारी. नकाशावर असलेल्या दोन पक्क्या खुणा, समजा एक दीपस्तंभ आणि त्याच्या मागचा मनोरा, एका रेषेत येतील असं बोट धरायचं आणि त्या रेषेवरून सरळ जायचं. रेषेची दिशा नकाशावरून काढायची, व्हेरिएशन लावायचं, कंपासशी ताडायचं. यात प्रवाहबिवाह काही आड येत नाही, फक्त बोटीचं तोंड त्या खुणांकडेच आहे ना एवढं बघायचं, तिरकी सरकत नकोय.

मग जागा. मॅन्युअलमध्ये मागच्या पानांवर कुठेतरी बारीक अक्षरात कंपासपासून सुरक्षित अंतर दिलेलं असतं. बऱ्याचदा दोन आकडे असतात, मोठा आकडा मुख्य कंपाससाठी, लहान आकडा सुकाणूजवळच्या कंपाससाठी. लहान बोटीवर बहुतेक एकच कंपास असतो आणि तोच सगळं काम करतो, म्हणून जागा असेल तर मोठा आकडा पाळा. हे अंतर यंत्राच्या सगळ्यात जवळच्या कडेपासून कंपासच्या मध्यापर्यंत मोजायचं, काचेच्या कडेपर्यंत नाही. आणि तो आकडा एकट्या यंत्राचा असतो. तुम्ही प्लॉटर, व्हीएचएफ आणि फिश फाइंडर तिघांना आपापल्या अंतरावर कंपासभोवती कोंडाळं करून बसवलं तर तिघांचा मिळून काय परिणाम होईल ते कुठल्याच मॅन्युअलमध्ये नसतं.

चांगली बातमी म्हणजे अंतर फार लवकर कामाला येतं. लहान चुंबकाचा जोर अंतराच्या घनाच्या हिशोबाने कमी होतो, म्हणजे 20 सेंटिमीटरवरचा स्पीकर 40 वर नेला की त्याचा जोर आठवा हिस्सा उरतो, 60 वर नेला की सत्ताविसावा. म्हणून "जागाच नाही हो" म्हणणाऱ्यांना मी सांगतो, दोन वीत नाही मिळाल्या तर अजून एक वीत तरी शोधा, फरक पडतो. प्लॉटर समोर ठेवायचाय ना, ठेवा, पण व्हीएचएफला समोर असायची काय गरज आहे? तो ऐकायचा असतो, बघायचा नाही. बाजूला, छताला, कुठेही चालतो. त्याचा हातातला माइक मात्र वेगळा बघा, काही माइकमध्येपण स्पीकर असतो, आणि त्याचा हूक लोक सवयीने कंपासच्या नाकासमोर लावतात.

अजून एक जागा जी कोणी बघत नाही, ती म्हणजे भिंतीची पलीकडची बाजू. शिडाच्या बोटींत कंपास पुष्कळदा केबिनच्या बाहेरच्या भिंतीवर असतो आणि त्या भिंतीच्या आतल्या अंगाला कप्पा असतो, त्या कप्प्यात कोणी नट आवळायचे पाने, बॅटरीवर चालणारा स्पीकर, पत्र्याचे डबे असं काय काय ठेवतं. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं कंपासजवळ काहीच नाही, आणि तीन इंचांवर अख्खं हत्यारांचं दुकान.

जागा मनाशी ठरली की पुठ्ठ्याचा तुकडा यंत्राच्या मापाचा कापून चिकटवा आणि सुकाणूवर बसून बघा, उभं राहून बघा. उन्हात स्क्रीन दिसेल का, लाटेत हात टेकायला जागा उरते का, कंपास झाकला जातोय का. हे पाच मिनिटांचं काम आहे.

आता खरी परीक्षा, आणि ही चुकवू नका. यंत्र जागेवर चिकटपट्टीने, टॉवेल खाली घालून, कसंही तात्पुरतं टेकवा, त्याच्या ब्रॅकेटसकट, आणि तात्पुरत्या वायरने चालू करा. खरं तर आधी दोन हात लांब धरा, कंपासचा आकडा बघा, मग हळूहळू जागेवर आणा आणि कंपासची चकती, म्हणजे सुईबरोबर फिरणारी आकड्यांची तबकडी, सरकते का बघा. मग यंत्र बंद करा, चालू करा, स्क्रीनचा उजेड पूर्ण वाढवा, अलार्म वाजवून बघा. चकती एक अंशही हलू नये ही अपेक्षा. एखादा अंश हलला तर पुढे जुळवून घेता येतं, तीनचार हलली तर जागा बदला, वाद घालत बसू नका.

पण, आणि इथेच मी फसलो होतो, हे एकाच दिशेला बघून भागत नाही. चुंबकाचा जोर जर योगायोगाने सुईच्याच रेषेत पडत असेल तर सुई बाजूला ओढली जाणारच नाही, फक्त तिचं बळ कमीजास्त होईल, म्हणजे सुई सुस्त वाटेल नाहीतर जरा जास्तच चपळ. आकडा अगदी बरोबर आणि बोट नव्वद अंश वळली की सगळं ओमफस. म्हणून निदान दोन दिशांना बघा, एकमेकींशी काटकोनात, उत्तर आणि पूर्व धरा, आणि चार जमल्या तर चार. बोट धक्क्याला बांधलेली असेल तर दोर बदलून फिरवा, ट्रेलरवर असेल तर ट्रेलर फिरवा पण गाडी सोडवून लांब उभी करा, गाडी म्हणजे लोखंडाचा डोंगर. धक्क्यातही लोखंड असतं, काँक्रीटच्या पोटातल्या सळया असतात, त्यामुळे तिथला कंपासचा आकडा खरा धरू नका. आपण फक्त आकडा हलला का नाही एवढंच बघतोय, आणि ते तिथेही कळतं.

जागा पास झाली की मग स्क्रू. पितळी किंवा ब्रॉन्झचे घ्या, चिंता नाही. स्टेनलेसवर आंधळा विश्वास नको. 316 नंबरचं स्टेनलेस चांगलं, बहुतेक वेळा चुंबकाला चिकटत नाही, पण स्टेनलेस थंडपणी वाकवलं, ठोकलं, आटे पाडले की थोडं चुंबकीय होऊ शकतं, आणि बाजारात स्टेनलेस म्हणून काय काय मिळतं ते सांगायला नको. सोपी चाचणी म्हणजे स्क्रू हातात घ्यायचा आणि कंपासजवळून इकडून तिकडे फिरवायचा. चकती हलली तर तो स्क्रू दुसरीकडे वापरा. ब्रॅकेटच्या आवळायच्या मुठीतला बोल्टही असाच तपासा, प्लॅस्टिकच्या मुठीत लोखंडी बोल्ट लपलेला असतो. आणि स्क्रू बसवताना चुंबकवाला स्क्रू ड्रायव्हर वापरायचा नाही, तो स्क्रूला लागला की स्क्रूही थोडाफार चुंबक होतो आणि तुम्ही केलेली सगळी तपासणी गेली वाया.

भोकं पाडताना जागेवर मास्किंग टेप लावा म्हणजे फायबरचा वरचा थर तडकत नाही, आधी बारीक भोक, मग मापाचं. भिंतीच्या मागे काय आहे ते हात घालून बघून घ्या, वायर असते, कधी पाइप असतो. डेक दोन थरांचं असेल आणि मधे लाकूड किंवा फोम असेल तर भोकाच्या कडा इपॉक्सीने सील केल्याशिवाय स्क्रू घालू नका, पाणी शिरलं की आतलं लाकूड कुजतं आणि बाहेरून वर्षानुवर्षं काही कळत नाही. ड्रिलचा चुरा पुसून काढा.

वायरिंगवर जरा जास्त बोलतो कारण इथे चूक झाली तर ती कधी दिसते कधी दिसत नाही. वायरीतून करंट गेला की तिच्याभोवती चुंबकीय क्षेत्र तयार होतं. पंपाची एकटी वायर कंपासच्या बरोबर 10 सेंटिमीटर खालून जातेय आणि तिच्यातून 5 अँपिअर चाललेत असं समजा, तर कंपासपाशी साधारण 10 मायक्रोटेस्ला (चुंबकीय क्षेत्र मोजायचं माप) मिळतात. ऐकायला काहीच नाही. पण पृथ्वीच्या क्षेत्राचा आडवा भाग, ज्यावर सुई जगते, तो बऱ्याच ठिकाणी 40 मायक्रोटेस्लाच्याही खाली असतो आणि ध्रुवांकडे जावं तसा अजून कमी होतो. चाळीसला दहा आडवे लागले की सुई 14 अंश सरकली. आणि ही चूक पंप चालू असेपर्यंतच, पंप बंद झाला की सुई जागेवर, तुम्ही डोळे चोळत बसा.

उपाय फुकटचा आहे. प्लस आणि मायनस दोन्ही वायरी एकमेकींना पीळ घालून न्यायच्या. जाणारा करंट आणि येणारा करंट उलट दिशेने असतो, वायरी चिकटून असल्या की दोघांची क्षेत्रं एकमेकांना जवळपास मारून टाकतात. जुन्या बोटींत हमखास दिसतं की प्लस एका बाजूने आलीय आणि मायनस कुठल्यातरी जवळच्या सामायिक पट्टीला जोडून टाकलीय, म्हणजे मधे मोठं वेटोळं, आणि त्या वेटोळ्यात कंपास. असं असेल तर सोडवा आणि नवीन जोडी ओढा. कंपासच्या स्वतःच्या दिव्याची वायरसुद्धा पिळलेलीच हवी, ती तर सगळ्यात जवळ असते.

बाकी वायरिंगचं थोडक्यात: कथिल चढवलेली तांब्याची वायर, प्रत्येक यंत्राला मॅन्युअलमध्ये दिलेल्या मापाचा फ्यूज, यंत्रात शिरण्याआधी वायरीला खाली एक झोळ म्हणजे पाणी झोळावरून टपकतं आणि सॉकेटात जात नाही, आणि उरलेल्या केबलचं भेंडोळं कंपासमागे कोंबायचं नाही.

हे झालं की पुन्हा तपासणी, आणि या वेळेला सगळी बोट जागी करून. एकेक गोष्ट चालू करत जा आणि चकतीकडे बघा. इंजिन, वायपर, पंप, दिवे, व्हीएचएफ ऐकताना आणि त्यावर बोलताना. माइक हूकवर आणि माइक हातात, दोन्ही. प्लॉटर फिरणाऱ्या ब्रॅकेटवर असेल तर तो डावीकडे उजवीकडे फिरवूनही बघा, काही हललं तर ब्रॅकेटवर खूण करून ठेवा की कंपास बघताना प्लॉटर इथेच. मग खिसे रिकामे करा. मोबाईल, मोबाईलचं चुंबकवालं कव्हर, टॅबलेटचं झाकण, वायरलेस इअरफोनची डबी, चाकू. मी एकदा अर्धा तास वैतागत होतो आणि कारण निघालं डॅशबोर्डवर ठेवलेला माझाच मोबाईल.

शेवटी पुन्हा आठ दिशा, सुरुवातीला केलं तसंच. आता दोन्ही कागद शेजारी ठेवा. आठही दिशांना चूक सारखीच असेल, समजा सगळीकडे 3 अंश, तर तो चुंबकाचा दोष नाही, कंपास वाकडा बसलाय, म्हणजे त्याच्यावरची उभी रेघ बोटीच्या मधल्या रेषेला समांतर नाही. कंपास तेवढा फिरवून बसवा. चूक दिशेप्रमाणे बदलत असेल तर कंपासमधले जुळवणीचे स्क्रू वापरायचे, बऱ्याच लहान कंपासना ते दोन असतात, एक उत्तर-दक्षिणचा, एक पूर्व-पश्चिमचा. स्क्रू ड्रायव्हर पितळी हवा, लोखंडी घेतलात तर तोच सुई ओढत बसेल. बरोबर चुंबकीय उत्तरेला बोट धरा आणि पहिल्या स्क्रूने सगळी चूक काढून टाका. पूर्वेला धरा, दुसऱ्या स्क्रूने सगळी काढा. दक्षिणेला जी चूक दिसेल त्याची फक्त अर्धी काढा, पश्चिमेलाही अर्धीच. सगळी काढलीत तर ती उत्तरेला नाहीतर पूर्वेला जाऊन बसेल, आणि तुम्ही दिवसभर गोल गोल फिरत राहाल. इतकं करूनही कुठे पाचसहा अंश उरत असतील तर मूळ कारणच जवळ बसलंय, परत यंत्र हलवायचा विचार करा किंवा कंपास जुळवणाऱ्या जाणकाराला बोलवा. पाचसहा अंशांनी काय होतं म्हणाल तर एक अंश म्हणजे 60 सागरी मैलांत 1 मैल, सहा अंश म्हणजे 10 मैलांतच 1 मैल बाजूला, आणि खडकाला एवढं पुरतं.

ऑटोपायलट असेल तर अजून एक कंपास तुमच्याकडे आहे, फक्त तो दिसत नाही, त्याचा सेन्सर डबीसारखा कुठेतरी आत बसतो. फायबरच्या बोटीत तो शक्यतो बोटीच्या मधोमध आणि खाली लावतात कारण तिथे डोलणं कमी, लोखंडी बोटीत मात्र लोखंडापासून लांब म्हणून उंचावर. इंजिन, बॅटऱ्या, स्पीकर यांच्यापासून दूर, आणि मुख्य कंपासपासूनही मीटरभर तरी दूर, कारण कंपास स्वतःच चुंबक आहे हे आपण विसरतो. बसवल्यावर मॅन्युअलप्रमाणे शांत पाण्यात हळूहळू गोल फिरवून त्याला शिकवावं लागतं. आणि मग सहा महिन्यांनी त्याच कप्प्यात कोणीतरी जास्तीची साखळी ठेवतं आणि पायलट दारू प्यायल्यासारखा चालवायला लागतो. कप्प्याच्या झाकणावर आतून मोठ्या अक्षरात लिहा, इथे लोखंड ठेवू नये. मी लिहिलंय, तरी एकदा डबे सापडले.

आठ दिशांचे शेवटचे आकडे एका कार्डावर उतरवा, प्रत्येक दिशेला किती जास्त किती कमी, खाली तारीख आणि त्या वेळी कायकाय बसवलेलं आणि चालू होतं ते. कार्ड लॅमिनेट करून सुकाणूजवळ ठेवा, मोबाईलमध्ये फोटो ठेवलात तरी चालेल, फक्त तो बघायला मोबाईल कंपासशेजारी नेऊ नका. प्लॉटर चोरीच्या भीतीने काढून घरी नेत असाल तर ते कार्ड प्लॉटर जागेवर असतानाचं आहे हे त्यावरच लिहा, आणि प्लॉटर काढलेला असतानाचं दुसरं कार्ड मागच्या बाजूला.